टकटक मिस्त्रीचं समाजमंदिर

मिस्त्री मामाजी पयल्यांदा आमच्या घरी आले तवा त्यायनं जयभीम घातला नाई, पानी मांगतलं नाई, बसले बी नाई. सदऱ्याच्या खिशातून येवढीशी हातोडी काहाडली अन् आमच्या दाराच्या चौकटीले मारली, टक. मंग चौकटीले कान लावला. मंग दुसऱ्या बाजूनं टक. मंग मधातल्या खांबाले. मी लेकरू छातीशी धरून चुलीपाशी उभी, घरात दुसरं कोनी नाई, मले वाटलं नगरपालिकेचा मानूस घर पाडाले आला अन् कुठून पाडाचं ते पाहून राह्यला.

सारं ठोकून झालं, मंग बाजेच्या पायाले ठोकलं. तिथं थांबले. परत ठोकलं.

"सूनबाई," म्हनले, "घर चांगलं हाये. बाजेचा हा पाय आतून मेला. बसू नका त्याच्यावर."

अन् चालले गेले. सासू बाजारातून आली तं मी धापा टाकत सारं सांगतलं. सासू म्हने, "अवं थो टकटक मिस्त्री होय. त्याले काय भेतं," अन् बाजेवर बसली. पाय मोडला. सासू खाली, बाजारातले वांगे घरभर. त्या दिवसापासून सासू त्यायच्या समोरून पदर सारखा करून जाये अन् पाठ फिरली की म्हने, "बुड्याची जीभ काळी हाये."

जीभ काळी नव्हती. ते रेल्वेत होते. पयले चाकं ठोकत. गाडी ठेसनात उभी राह्यली की खालून एकेका चाकाले हातोडी मारून आवाज ऐकाचा, चांगलं चाक घंटीसारखं वाजते अन् तडकलेलं चाक मडक्यावानी. मंग डब्यायच्या सुतारकामावर गेले, तवा डबे लाकडाचेच असत. नोकरी सरली, पन हातोडी खिशातच राह्यली. वाशीमले आमच्या वस्तीत, आमच्या बाजूच्या खोलीत, एकटे राहत. वस्तीतल्या साऱ्या सुना त्यायले मामाजी म्हनत, पोट्टे टकटक बाबा म्हनत, अन् मोठे लोक तोंडावर मिस्त्री अन् मांगून जे वाटे ते म्हनत.

ते काय ठोकत नव्हते ते सांगनं सोपं हाये. भाकर ठोकत नव्हते. बाकी सारं. पान्याचा माठ, बैलगाडीचं चाक, दुसऱ्याच्या घरचं जातं. उनाळ्यात लोक त्यायले टरबूज घ्याले बाजारात संग नेत. एकडाव डॉक्टरच्या दवाखान्यात गेले तं बाकावर बसायच्या आधी बाक ठोकला अन् बसलेल्या दोन बायायले उठवलं. माझ्या शीलाच्या पाठीवर बी त्यायनं बोटानं टकटक केलं होतं. शीला तवा आठ महिन्याची, हाडाची काडी, जो तो मले म्हने हे लेकरू असं काहून. मामाजी कान लावून म्हनले, "बारीक हाये, पन भरीव हाये." मी ते चार लोकायले सांगतलं. डॉक्टरनं टानिक लिहून देल्लं होतं, ते नाई सांगतलं.

लाकडाले ते मानूस समजत. सागवान म्हनजे शिकलेला मानूस, कमी बोलते. बाभूळ म्हनजे भांडखोर, पन कामाच्या वक्ताले सोडून जात नाई. आंबा म्हनजे जावई, दिसाले चांगला, वजन टाकलं की वाकते. अन् सिमिटाले ते मानूस समजतच नसत.

"सिमिट मुकं असते," म्हनत. "लाकूड सांगून मोडते."

हे वाक्य त्यायच्या तोंडून आमी इतक्या वेळा ऐकलं की पोट्टे विटीदांडू खेळताना म्हनत.

दुसरा त्यायचा नाद म्हनजे सांधा. दोन लाकडं जोडले तं मधात काहीच जाऊ नये. स्वतः बिडी पेत नसत, पन बिडीचं पान खिशात ठेवत, सुकलेलं, पातळ. सांधा केला की पान घालून पाहत. पान आत गेलं तं सारं खोलून परत. एकडाव आमच्या दाराले नवी फळी बसवली तवा चार डाव खोलली, तवरोक आमी दिवसभर बिनदाराचे राह्यलो, अन् एक कुत्रं येऊन सासूची भाकर घेऊन गेलं. सासू म्हने, "मिस्त्री, पान जात नाई, पन कुत्रं गेलं."

आता समाजमंदिराची गोठ सांगतो. दुष्काळ सरला होता, त्याच्या पुढल्या सालची हाये.

आमची वस्ती जुन्या गावाच्या कडेले. वस्ती सरली की जुनी गल्ली लागते, तिथं मोठ्या लोकायचे घरं, लाकडाच्या जाड खांबाचे, खांबावर मोर-पोपट कोरलेले. माझे सासरे सांगत की त्यायच्या लहानपनी त्या गल्लीतून जाताना चपला हातात घ्या लागत. आता घालूनच जातात, पन सासरे अजून बी तिथं आले की हळू चालत. वस्ती अन् ती गल्ली यायच्या मधात एक रिकामी जागा होती, ती जागा समाजमंदिराले भेटली. बसाले, वंदनेले, लगनाले, कोनी मेलं तं दुखोट्याले, आमाले तवरोक निंबाखालची जागाच होती.

कमिटी झाली. कमिटीचे अध्यक्ष कोर्टात कारकून होते, त्यायले सारे बाबू म्हनत. बाबूले स्लॅब पाह्यजे होता. सिमिट परमिटवर भेटे, अर्ज देऊन दोन पावसाळे गेले होते, जबाब नव्हता. तवा मिस्त्री मामाजी मीटिंगमधी उभे राह्यले अन् म्हनले, लाकडात करू, मी करतो.

आमी बाया मांगं बसलो होतो, मी शीलाले पाजत होती, सारं ऐकू येत होतं.

बाबू म्हनले, "मिस्त्री, दुनिया स्लॅब टाकून राह्यली अन् तुमी आमाले लाकडात बसवता."

"बसा ना. बसून पाहा."

"लोकं म्हनतीन, यायले सिमिट भेटलं नाई मनून लाकूड लावलं."

"खरंच तं हाये. कुठं भेटते?"

हसले लोक. पन मंग माझी सासू उठली, अन् सासू कधी मीटिंगमधी बोलत नसे. "मिस्त्री भाऊजी, आमचं सारं जिनं कुडाच्या घरात गेलं. निदान एक पक्कं पाहू द्या."

मामाजी हातोडी हातात फिरवत राह्यले. मंग म्हनले, "वहिनी, ते समोरचे घरं पाहा. चार पिढ्या झाल्या. लाकडाचेच हायेत. त्यायले कोनी झोपडी म्हनते का?"

सासू खाली बसली, मले म्हने, "बुडा बोलते बरोबर, पन आवडत नाई."

शेवटी बाबूनं सांगतलं, करा, पन वैशाख पौर्निमेच्या वंदनेच्या आधी नगरपालिकेचा ओवरशियर येईन, थो पास करीन तं ठीक. नाई केलं, नाईतर काही हाललं, फुगलं, वाकलं, तं सारं खोलाचं अन् लाकूड ठेवून द्याचं, स्लॅबच्या सेंट्रिंगले कामात येईन.

सेंट्रिंग म्हनजे स्लॅब पडेपर्यंत खालून टेकू द्याचा अन् मंग काहाडून फेकाचं. मामाजीचा चेहरा असा झाला की जसं बाबूनं त्यायच्या पोराले हमाल म्हटलं.

लाकूड मेडशीच्या जंगलातून आलं, लिलावाचं सागवान, अन् खालच्या फळ्यायले साजडाच्या झाडाचं लाकूड. ओवरशियर पयल्यांदा आला तवा म्हनला की इमारत जुन्या गल्लीच्या तोंडाशी हाये, शेजारच्या घरापेक्षा उंच नको, अन् नक्शा दाखवा. मामाजीले कागदावर नक्शा येत नव्हता. त्यायनं ज्वारीच्या धांड्यायचा केला होता. पोट्टे धांड्याची बैलगाडी करतात ना, धांडे सोलून, बाभळीच्या काट्यानं जोडून, तसंच सारं समाजमंदिर, खांब, तुळया, दारं, खिडक्या. अन् बकऱ्या खातीन मनून ते आढ्याले टांगून ठेवलं होतं. ओवरशियरनं चष्मा वर करून, तोंड वर करून, खालून नक्शा पाह्यला.

"हे उलटं हाये का?" म्हने.

"नाई साहेब, तुमी खाली हाये."

ओवरशियर सोन्यासारखा मानूस असीन, थो हसला. मंग त्यानं इचारलं, समोरच्या घरासारखे मोर-पोपट नाई का कोरत.

"नाई," मामाजी म्हनले. "नक्कल केली तं आमी पाहुने दिसू. आमचा खांब साधा. पन उंची तेवढीच. त्यायच्या खांबाच्या बाजूले आमचा खांब, खांद्याले खांदा."

दार त्यायनं वस्तीतल्या सगळ्यात उंच मानसाच्या मापाचं केलं. सासऱ्याचे एक चुलतभाऊ होते, ताडासारखे, त्यायले फेटा बांधाले लावला, उभं केलं, अन् फेट्याच्या वर चार बोटं सोडून खून केली. "वाकून आत जाचं नाई," म्हनले. खिडक्या मातर लांबच्या लांब, रेल्वेच्या डब्यासारख्या, सरकनाऱ्या, अन् इतक्या खाली की हसू ये. त्याच्यासाठी ते घरोघरी पट्टी घेऊन आले. बायायले म्हनले, खाली बसा, लेकरू मांडीवर घ्या, आता नजर कुठं जाते ते सांगा. अन् भिंतीवर कोळशानं रेघ मारत.

सासू दारात आली. "मिस्त्री, सुनायचे मापं कायले घेता, चोळ्या शिवता का?"

"खिडकी शिवतो वहिनी," म्हनले. "मीटिंगमधी बाया मांगं बसतात, लेकरं रडतात, मंग उठून बाहेर जातात. आत काय होऊन राह्यलं, कोन काय बोलून राह्यलं, समजत नाई. खिडकी खाली असली तं बाहेर बसून बी ऐकू येईन, दिसीन."

सासूनं मंग स्वतः बसून नजर सांगतली. तिची नजर सगळ्यात खाली निंघाली.

मले मातर त्या इमारतीचं भेव वाटे. माझं माहेर शेलूबाजारच्या बाजूचं खेडं. मी लहान असताना पावसात आमची भिंत पडली होती, मी अन् माय बाहेर होतो मनून वाचलो, बकरी नाई वाचली. तवापासून मी कोन्या बी छपराखाली गेली की पयले वर पाहतो अन् मंग दार कुठं हाये ते पाहतो. शीला झाल्यावर तं जास्तच. समाजमंदिराचे खांब उभे झाले तवा सारे पाहाले गेले, मी उंबऱ्यावरच उभी राह्यली.

मामाजीनं पाह्यलं. "काहून, आत नाई येत?"

"पडलं तं?"

"पडनार नाई."

"पन पडलं तं?"

दुसरा असता तं चिडला असता. ते खाली बसले. "हे पाय. मातीची भिंत सांगत नाई, भसकन येते. सिमिट बी सांगत नाई. लाकूड पयले कुरकुर करते. लई वेळ कुरकुर करते, मंग मोडते. तेवढ्यात तू लेकरू घेऊन दूर जाशीन. समजलं? कुरकुर ऐकू आली की निंघाचं. नाई आली तं बसाचं."

मी बसली. पुरा वेळ कान देऊन बसली, पन बसली.

फळ्या त्यायनं वैशाखाच्या उन्हात बसवल्या. इमारतीची जमीन मातीची नाई, फळ्यायची, खालून हातभर उंच, खांबावर. अशी जमीन वस्तीत कोनी पाह्यली नव्हती. साजडाच्या फळ्या उन्हानं खडखडीत वाळलेल्या, त्या एकीले एक अशा दाबून बसवल्या की बिडीचं पान कुठंच जाईना. भिंतीपासून भिंतीपर्यंत. बाबू येऊन चपला काहाडून चालले, एक डाव नाई, दोन डाव.

पौर्निमेच्या आधीचा दिवस. दुसऱ्या दिवशी सकाळी ओवरशियर येनार, अन् पास झालं की लगेच वंदना. मामाजी सकाळच्या एस्टीनं मेडशीले गेले, वरच्या पन्हाळीची एक फळी कमी पडली होती. जाताना आमच्या दारातून म्हनले, "सूनबाई, समाजमंदिर जरा साफ करून ठेवजो. उद्या लोक बसतीन."

मले सांगतलं. साऱ्या वस्तीत मले. मी चौथीत शाळा सोडली तवापासून मले कोनी काही मोठं काम सांगतलं नव्हतं. मी शीलाले पाठीशी बांधलं, झाडलं, जाळे काहाडले, खिडक्या पुसल्या. मंग जमिनीकडं पाह्यलं. उद्या पौर्निमा, वंदना, मोठमोठे लोक बसनार, अन् जमीन कोरडी. मी दोन टोपले शेन आनलं. पानी आनलं. अन् या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत, हात फिरवून फिरवून, नीट अर्धगोल उठवत, सारी जमीन सारवून काहाडली. पातळ नाई केलं, चांगलं जाड केलं. दारापाशी पांढऱ्या मातीची पट्टी बी ओढली. सासू पाहाले आली, म्हने, "आता घरावानी दिसते." सासूनं मले चांगलं म्हनाची ती पयली वेळ.

दुपारी बाया पाहाले आल्या, पाच-सहा जनी लेकरं घेऊन आत बसल्या, खिडक्यायच्या नजरा पाहत होत्या, हसत होत्या. मी मधात. अन् मले आवाज आला. कुर्र. मी म्हटलं मनाचा भास हाये. मंग परत, लांब, कुर्रर्र, अन् एक ठिकानी टक.

मी शीलाले उचललं अन् अशी पयाली की दारातली पट्टी पायानं पुसल्या गेली. "निंघा, बाहेर निंघा, लाकूड बोलून राह्यलं." बाया काही न इचारता मांगून पयाल्या. वस्तीत बोंब झाली. मानसं आले. दारातून पाह्यलं तं काही पडलं नव्हतं. पन मधातल्या तीन-चार फळ्या वर आल्या होत्या, बैलाच्या वशिंडासारख्या, अन् त्याच्यावर माझं सारवन तसंच, चिरा पडलेलं.

बाबू कोर्टातून आले, कोटासकट. पाह्यलं. "मी म्हनत होतो का नाई," म्हनले. मंग इचारलं, "हे शेन कोनं लावलं?"

मी सासूच्या मांगं. सासूनं पदर आडवा धरला. बाबू म्हनले, "उद्या सकाळी ओवरशियर येते. त्याले हे दाखवाचं का? मिस्त्री येऊ द्या, आजच खोला. लाकूड ठेवून देऊ."

चार वाजताच्या एस्टीनं मामाजी उतरले, खांद्यावर फळी. गर्दी पाहून चालले ते थांबले नाई, आत गेले. मी दाराच्या कडेतून पाहत होती. मले वाटलं आता हातोडी माझ्याकडंच येईन. ते खाली बसले, वर आलेल्या फळीवर हात ठेवला, सारवनाचा एक पापुद्रा उचलला, अन् बोटानं चुरत राह्यले. लई वेळ.

"कोनं सारवलं?"

सासूनं तोंड उघडायच्या आत मीच म्हटलं, "म्या." तोंडातून कसं निंघालं ते मले अजून समजत नाई.

ते माझ्याकडं पाहत राह्यले. डोळे असे झाले की मले वाटलं आता शिव्या देतीन. त्यायनं मान खाली घातली अन् बाबूकडं वळले.

"चूक तिची नाई, बाबू. माझी हाये."

"तुमची कशी? शेन तं—"

"फळ्या उन्हात वाळलेल्या. म्या अशा दाबून बसवल्या की त्यायले अंग टाकाले जागाच ठेवली नाई. आज पानी पडलं मनून आज फुगल्या. हे झालं नसतं तं मृगात झालं असतं, भर मीटिंगमधी, लोक बसले असताना. तिनं महिनाभर आधी दाखवलं."

अख्ख्या वस्तीनं त्या मानसाच्या तोंडून 'माझी चूक' कधी ऐकलं नव्हतं. बाबू बी थोडे घाबरल्यासारखे झाले. म्हनले, "मंग आता?"

"दिवस मावळाच्या आत करतो."

चार मानसायले संग घेऊन त्यायनं भिंतीच्या कडेची एक फळी लांबच्या लांब उपसली, करवतीनं कापली, दोन बोटं कमी केली. दुसऱ्या बाजूनं बी तसंच. बाकीच्या फळ्या ओल्या होत्या, त्या हळूहळू सरकल्या, जागा भेटली तशा खाली बसल्या, एकेक. कुरकुर येत होती, पन मी पयाली नाई. सारवन बायायनं खरडून काहाडलं, पान्यानं नाई, कोरड्या फडक्यानं. मी बी खरडलं. पन खालच्या खिडकीपाशी, जिथं बायायच्या बसाची जागा ठरली होती, तिथं मामाजीनं हात आडवा धरला. "येवढं राहू दे," म्हनले.

"ओवरशियर काय म्हनीन?"

"थो वर पाहते. त्याले सवय हाये."

दुसऱ्या दिवशी ओवरशियर आला. भिंतीच्या कडेची फट पाह्यली, तिच्यात बोट घातलं. "हे काहून ठेवलं?" म्हने. मामाजी म्हनले, "फुगाले." त्यानं वर पाह्यलं, दार पाह्यलं, समोरच्या घराचे खांब अन् आमचे खांब एका नजरेत पाह्यले, अन् कागदावर सही केली. वंदना झाली. सासरे फेटा घालून दारातून गेले, मान वाकवली नाई, मंग परत बाहेर येऊन परत गेले. मी खिडकीपाशी सारवलेल्या तुकड्यावर बसली, शीला मांडीवर, अन् सारं दिसत होतं.

लोक गेल्यावर मी झाडाले थांबली. मामाजी खिडकीच्या कडेले बसले होते. मी इचारलं, "मामाजी, हे काहून ठेवाले लावलं? खराब दिसते."

त्यायनं सांगतलं तं असं की जसं दुसऱ्याची गोठ हाये. ते रेल्वेत होते तवा त्यायले खोली भेटली होती, अन् खोलीत त्यायनं स्वतः फळ्यायची जमीन केली होती, डब्यातल्यासारखी, पान न जानारी. मामी, म्हनजे त्यायची बायको, खेड्यातून नवीनच आलेली. ते कामावर गेले, तिनं सारी जमीन सारवून ठेवली, पांढरी पट्टी ओढून दारात वाट पाहत बसली. फळ्या फुगल्या.

"मी लई बोललो तिले," म्हनले. "बारा दिवस मंग बोललोच नाई. तिचा भाऊ नेवाले आला तं जा म्हटलं नाई, राहा बी म्हटलं नाई. माहेरी ताप आला. मले कळवलं तवा माती देऊन झाली होती."

मी झाडू हातात धरून उभी.

"फळ्या तं म्या दुसऱ्याच दिवशी नीट बसवल्या होत्या," म्हनले. "तेवढ्याच घट्ट." मंग म्हनले, "तिचं बरोबरच होतं. घरी आपला मानूस येनार हाये, मंग बाई जमीन सारवीन नाई तं काय करीन."

मी शीलाले इकडच्या कडेवरून तिकडच्या कडेवर घेतलं.

ते उठले. जाता जाता, माझ्याकडं न पाहता म्हनले, "सूनबाई, माझ्या खोलीची जमीन मातीची हाये. लई वर्षं झाले, कोनी हात नाई लावला. तुले वेळ भेटला तं."

दुसऱ्या दिवशी सकाळीच मी शेन घेऊन गेली. खोलीत सामान काहीच नाई, जमीन उखडून भुगा झालेली, पाय ठेवला की धूळ उडे. मी पयले ओल्या मातीचा पोचारा मारला, मंग आतून सारवत सारवत उंबऱ्यापर्यंत आली, अन् दारात पांढरी पट्टी ओढली. मामाजी बाहेर दगडावर बसले होते, शीला त्यायच्या मांडीवर झोपलेली.

वैशाखाचं ऊन, दुपारपर्यंत सारं खडखडीत वाळलं. जेवाले ते आमच्याकडं आले. संध्याकाळी मी पाह्यलं तं दगडावरच बसलेले. मी म्हटलं, मामाजी, आत जा ना, वाळलं. ते उठले, दारापर्यंत गेले, पट्टीच्या अलीकडं थांबले अन् वाकून आत पाह्यलं.

"ओलं हाये अजून," म्हनले, अन् परत येऊन बसले.

ओलं नव्हतं.